रेघ हलते, विमान नाही

प्रिय भिंगरी,

तुझं अभ्यासाचं टेबल मी केलं. आईच्या शिवणयंत्राला मोटर मी बसवली. जिन्याचा कठडा, बाल्कनीचं सरकतं दार, दुकानातलं मीटर तपासायचं यंत्र, आणि मागच्या खोलीतली ती विमानाची पेटी: एकोणीस मिलीमीटरचं प्लायवूड, जुन्या गाडीची सीट, पायाखाली दोन पट्ट्या, समोर सहा तबकड्या. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. पुस्तकं वाचली, वस्तू उघडल्या, पुन्हा बंद केल्या. हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं लिहिण्याआधी जरा ताठ बसावंसं वाटलं.

आई म्हणते, शुक्रवारी तू वैमानिकाचं प्रशिक्षण सोडल्याचा अर्ज देणार आहेस. "माझ्या डोक्यात ते नाहीच," असं तू तिला फोनवर म्हणालीस. अर्ज देऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी.

बाहेर बघून उडवायचीस तेव्हा तुझ्यासारखी तूच होतीस. पहिल्यांदा एकटी गेलीस त्या दिवशी मी कुंपणापाशी घड्याळ धरून उभा होतो. अकरा मिनिटं वीस सेकंद. चाकं टेकली कधी ते धूळ उडाली तेव्हा कळलं. तुझे सर म्हणाले, "हिच्या डोळ्यांत गवंड्याची पाणसळ आहे, सरळ म्हणजे सरळच." मी नुसती मान हलवली, पण घरी येईपर्यंत ते वाक्य मी चार जणांना सांगितलं होतं. त्यातला एक तर रस्ता विचारायला थांबला होता.

मग लांब झापडाची ती टोपी आली. बाहेरचं काही दिसायचं नाही, फक्त तबकड्या. ढगात शिरल्यावर शरीर खोटं बोलतं, काट्यांवर विश्वास ठेवायचा, हे तूच मला समजावलंस. आणि मी म्हटलं, त्यात काय, सराव घरीच करू. पेटी तयार झाली. दर रविवारी तुला बसवायचो, हातात स्टॉपवॉच. "डोळे मिट," म्हणायचो, पेटी वाकडी करायचो, "उघड! सरळ कर!" शेवटी शेवटी तू दोन सेकंदांत सरळ करायचीस. आई दारातून म्हणायची, "अहो, तिला आधी जेवू तरी द्या, मग पाडा विमान."

दुसऱ्याच रविवारी तू म्हणाली होतीस, "बाबा, खऱ्या विमानात उलटं आहे हो. तिथं चित्रातलं विमान जागेवर असतं, मागची क्षितिजाची रेघ हलते. तुमच्यात रेघ जागेवर आणि विमान कलतं." मी काय म्हणालो ते तू विसरली असशील, मी नाही. "दोन्ही एकच. बघणाऱ्याला अक्कल पाहिजे." तू पुन्हा डोळे मिटलेस.

परीक्षेत काय झालं ते तू घरी सांगितलंच नाहीस. झोप झाली नव्हती, एवढंच म्हणालीस. मंगळवारी मी तुझ्या सरांकडे गेलो, खरं तर भांडायलाच. माझी मुलगी नापास होते म्हणजे काय? त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं. टोपी घालून तुला डोळे मिटायला लावले, विमान उजवीकडे कलवून दिलं आणि "घे" म्हटलं. विमान उजवीकडे कललं की रेघ डावीकडे खाली झुकते. तू ती रेघ पाहिलीस आणि विमानच डावीकडे कललंय असं समजून आणखी उजवीकडे वळवलंस. परीक्षकांनी विमान हातात घेतलं. सर म्हणाले, "वर्गात नीट करायची. घाईत उलटा हात कुठून आला, कळत नाही."

मला कळलं होतं. मी चहा तसाच ठेवला. कागद मागून त्यावर पेटीतली तबकडी रेखाटून दाखवली. ते कागद जवळ ओढून म्हणाले, "काका, तिचा हात चुकला नाही. जसा पाठ झाला होता तसाच चालला."

आता जे तुझ्या आईलाही ठाऊक नाही ते सांगतो. रेघ हलायला हवी हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पुस्तकात आकृती होती. पण मागची अख्खी तबकडी फिरवायची तर ती तीनदा अडकली, आणि पत्र्याचं छोटं विमान फिरवणं सोपं होतं. जमलं नाही, असं म्हणायच्या ऐवजी मी "दोन्ही एकच" म्हणालो. एकदा म्हटल्यावर मग ते खरं करत बसलो, एकशे चाळीस तास, तुझ्या हातांवर.

काल पेटी मोडली. प्लायवूड वेगळं केलं, स्क्रू डब्यात घातले. आई नुसती बघत होती. मग म्हणाली, "तुम्हाला हरवलेला स्क्रू लगेच सापडतो." पोरीचं काय हरवलं ते दिसत नाही, हे पुढचं मीच मनात जोडलं. तुझे सर म्हणतात, उलटी सवय मोडायला सहा आठवडे लागतील, पण मोडेल. फेरपरीक्षेला ते तुझं नाव देणार आहेत, तू अर्ज दिला नाहीस तर.

पण खरं पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं: तुझ्या डोक्यात काही कमी नव्हतं, आणि तुला दुसरा मार्ग होता. पेटी सुरू झाली त्याच महिन्यात सरांनी मला दुकानात फोन केला होता. विमानशाळेच्या सरावाच्या यंत्रावर तुला वीस तास निम्म्या दरात देतो, म्हणाले, आणि तुला विचारून कळवायला सांगितलं. मी तुला विचारलं नाही. "आमच्या घरी आहे," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. पैसे नव्हते असंही नाही. त्याच आठवड्यात मी दुकानासाठी नवं ड्रिल मशीन घेतलं, तेवीस हजारांचं. सरांनी वीस तासांचे मागितले होते नऊ हजार सहाशे.

तुझाच,
बाबा