मिटल्या डोळ्यांचं मतदान

ताई,

आई कालपासून माझ्याशी बोलत नाही. "सख्ख्या बहिणीला आघाडीतून काढलंस," एवढंच म्हणाली आणि माझं ताट आपटलं. तू समोर बसून मुकाट्याने जेवत होतीस.

मालकाकडे कुणी एकट्याने बोलणी करायला जायचं नाही, हा नियम तुझाच. भाडेकरू, सफाई कामगार, फेरीवाले अशा सगळ्यांची मोट बांधून ही आघाडी उभी करताना तूच तो घालून दिलास. आणि आपल्या इमारतीचं मालकाने तोडलेलं पाणी सुरू करून घ्यायला तूच गुपचूप गेलीस. पाणी आलं, पण सभेत उभे दोन तट पडले.

मतदान डोळे मिटून करायचं, म्हणजे कुणी कुणाकडे बघून हात वर करणार नाही, हेही तुझंच डोकं. डोळे उघडे फक्त अध्यक्षाचे, आणि या महिन्यात पाळीने अध्यक्ष मी. तुला काढायच्या ठरावावर वर आलेले हात मी दोनदा मोजले. आकडा खोटा सांगितला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. मी खरा सांगितला. अवघ्या एका हाताच्या फरकाने ठराव मंजूर झाला.

पाहिलेलं अध्यक्षाने कुठे बोलायचं नाही, म्हणून हे पत्र मी फाडणारच आहे. पण तुझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलंय? सांग ना आईला एकदा, पहिला हात कुणाचा वर गेला ते.

डोळे घट्ट मिटले होतेस, ताई, आणि हात ताठ वर.

तुझी धाकटी