बनाची मुलगी, साळूबाईचं दूध

३ फेब्रुवारी १९५७, भाटघर

आली. पण माझ्या हातात नाही आली.

हे मुंबईच्या धक्क्यावर जाऊन बनाच्या मुलीला घेऊन संध्याकाळच्या एस.टी.ने उतरले. मी भाकरतुकडा घेऊन दारात उभी. पुढे हे, ट्रंक घेऊन. मागे एक किरकोळ, सावळी बाई, आणि पोर तिच्या पदराखाली! मी हात पुढे केले. पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की धरणाच्या चाळीतली सगळी बिऱ्हाडं बाहेर आली.

"भुकेजलीय. आदी पाजते, मंग घ्या," बाई म्हणाली. आणि माझ्या घरात, माझ्या पाटावर बसून पाजायला लागली.

नाव साळूबाई. हिर्डोशीची. नवरा एडनच्या बंदरात खलाशी. माझी धाकटी बहीण बना तिथं बाळंतपणात गेली, त्याच आठवड्यात हिचं तान्हं तापाने गेलं. तेव्हापासून बनाची पोर हिच्या अंगावर. बोटीतूनही हिनेच आणली. आता पोर वरच्या दुधाला लागेपर्यंत ती इथेच राहणार — असं हे परस्पर ठरवून आलेत. मला कुणी विचारलं?

४ फेब्रुवारी

सासूबाईंचं सकाळपासून चालू — "दत्तक घ्यायचा तर पोरगा घ्यावा. पोरगी कोन घेतं?" हे म्हणाले, नव्या कायद्याने मुलगीही घेता येते. मानसिंगरावांनी, म्हणजे एडनला नोकरीत असलेल्या बनाच्या नवऱ्याने, कबूल केलंय. दिवाळीत रजेवर आले की माझ्या ओटीत घालतील.

तोवर ती कुणाची? आज दिवसभर तरी साळूबाईची.

६ फेब्रुवारी

झोपली होती म्हणून जवळून बघता आलं. कपाळ बनाचं. भुवया बनाच्या. लग्न माझं आधी झालं, पण दिवस तिला राहिले. ते कळलं तेव्हा मी तिच्यावर किती जळले, ते मलाच ठाऊक. बना गेली तरी ते गेलेलं नाही. लिहायला लाज वाटते.

कुसुम नाव ठेवायचं मनात आहे. साळूबाई तिला "चिमे" म्हणते. आणि ती वळून बघते.

८ फेब्रुवारी

दुपारी तांदूळ निवडताना साळूबाई बनाबद्दल बोलत होती. "बनाताई लई हसायच्या. तुमचं नाव सारखं तोंडात. म्हनायच्या, आक्का आसती तर मला कायबी भ्या नसतं."

मी विचारलं, शेवटी काय म्हणाली?

"पानी मागितलं. म्या पाजलं."

बहीण माझी, आणि तिच्या तोंडात शेवटचं पाणी हिच्या हातचं. मुलगी माझी, आणि दूध हिचं. मी उठून आत गेले. तांदूळ तिनेच निवडले.

११ फेब्रुवारी

बोंडल्याने गाईचं दूध पाजायला बसले. सगळं माझ्या अंगावर थुंकली. साळूबाईने घेतल्याबरोबर गप्प.

हे जेवताना म्हणाले, "फार निगुतीने करते हं बाई." मी आमटी वाढली नाही. यांच्या ध्यानातही आलं नाही.

१४ फेब्रुवारी

बोलले एकदाची. "साळूबाई, तुम्ही इथं आहात तोवर पोर माझी होणार नाही. तुम्ही गेलेलं बरं."

ती भांडी घासत होती. हात थांबले. मग म्हणाली, "व्हय. बराबर हाय तुमचं."

एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१५ फेब्रुवारी

साळूबाई पोर उठायच्या आत हिर्डोशीला गेली. आता घर माझं, पोर माझी.

१६ फेब्रुवारी

पीत नाही. बोंडलं नाही, चमचा नाही, कापसाचा बोळाही नाही. रडून रडून घसा बसला. भोरला दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, "अंगावरचं मिळत होतं, मग एकदम तोडलंत कशाला?"

१७ फेब्रुवारी, हिर्डोशी

सकाळी रडायचीही थांबली. मांडीवर नुसती पडून.

सासूबाई तिच्या पायांना तेल चोळत होत्या — पोरगी नको म्हणणाऱ्या! म्हणाल्या, "तुजा ताठा र्‍हाऊ दे बाजूला. ऊठ. तिच्याकडं ने."

हे कचेरीत. निरोप ठेवला आणि महाडकडे जाणारी एस.टी. धरली. सडकेवर उतरून वाडीपर्यंत चढ. पोर पोटाशी, मी वाटभर तिचं नाक बघत होते, श्वास चालतोय ना.

साळूबाई अंगणात नाचणी पाखडत होती. बघितल्याबरोबर सूप टाकून धावली, आणि मधेच थांबली. हात पुढे केलेच नाहीत. छातीला फडकं घट्ट आवळून बांधलेलं.

"दूध आटवायला बांधलंय," म्हणाली. "तुमीच म्हनलात न्हवं?"

मी म्हणाले, "साळूबाई, चुकलं माझं. सोडा ते. पाजा तिला."

ती पोरीकडे बघत राहिली. डोळ्यांना धार. "सोडते. पन आत्ता पाजली तर म्होरं मला तोडायला जमायचं न्हाई. आदी एक करून बघू. न्हाईच घेतलं तर पाजीन."

तिने आत नेऊन मला स्वतःचं अंगावरचं लुगडं नेसवलं. घामेजलेलं, दुधाचा आंबूस वास येणारं. शेजारच्या गोठ्यातून शेळीचं दूध आणलं, कोमट करून बोंडल्यात ओतलं. आणि स्वतः घरामागे जाऊन बसली, पोरीला दिसू नये म्हणून.

पोरीने तोंड माझ्या पदरात घुसवलं. हुंगलं. मग बोंडलं ओठांत धरलं.

मी मोठ्याने सांगितलं, "पितेय."

२३ फेब्रुवारी, भाटघर

लुगडं अजून अंगावर. धुवायचं नाही असं साळूबाईने बजावलंय. पोर बिलगते, पण कुणाला बिलगते ते मला कळतं. चडफडते आणि तेच नेसते.

१० मार्च

आज माझं पातळ नेसून पाजली. एकदा थबकली, मग प्यायली.

१९ मे

साळूबाई आली होती. पोरीसाठी करवंदांनी भरलेला पानांचा द्रोण घेऊन, खाणार कोण ते! मी कुसुमला तिच्या मांडीवर ठेवली. ती टाहो फोडून माझ्याकडे झेपावली. मी पुन्हा ठेवली, "अगं, साळूबाई आहे, ओळख ना," म्हणाले. तिने माझ्या मानेत तोंड लपवलं.

फेब्रुवारीत याच्यासाठी मी देव पाण्यात ठेवले असते.

"र्‍हाऊ द्या, आक्का. तुमची हाय ती," साळूबाई म्हणाली, आणि चहा न घेता निघाली.

ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी मुलीचं तोंड तिच्या दिशेला धरून उभी होते.