हंडी पावणेदोनलाच

कुंभवली,
शुक्रवार

प्रिय सुलू,

अनेक आशीर्वाद. (मी तुझ्यापेक्षा साडेतीन महिन्यांनी मोठी आहे, त्यामुळे नमस्कार तू करायचास.) भाऊजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त झालं का? तुझा गुडघा कसा आहे? वाणगावात म्हणे यंदा थंडी बरी पडली आहे. आपण वर्षभर बोलत नाही, म्हणून हे पत्र म्हणजे बोलणं समजू नये. ही निव्वळ माहिती आहे.

तुला आठवतं का, सातवीत सिस्टर बेनेडिक्टांनी ‘इन्फ्लेक्सिबल’ हा शब्द फळ्यावर लिहून वाक्य करायला सांगितलं होतं? आपल्या दोघींत एकच डिक्शनरी. ती मी आधी उघडली होती, म्हणून माझं वाक्य होईपर्यंत तुला देत नव्हते. तू डिक्शनरी न बघताच लिहिलंस, की माझी आतेबहीण इन्फ्लेक्सिबल आहे. सिस्टर हसल्या आणि तुला दहापैकी दहा दिले. मला सहा मिळाले. त्या शब्दाला आपल्याकडे बरेच शब्द आहेत, हे मला पुढे कळलं. सासूबाई मला ताठर म्हणायच्या, आमचे हे हेकट म्हणतात, तू गेल्या वर्षी अडेल म्हणालीस. साठाव्या वर्षी माझं मत असं झालं आहे, की गोष्ट एकच असते. शेवट वाईट झाला तर माणूस हेकट, चांगला झाला तर ठाम. गेल्या रविवारी दुपारी पावणेदोनपासून मी ठाम आहे.

झालं असं, की आमच्या मेघालीने बोईसरच्या ऑफिसातला मनीष नावाचा मुलगा पसंत केला. मूळचे साताऱ्याकडचे, आता इथलेच. वडील नाहीत. घरात शब्द चालतो तो काका खंडेरावांचा. त्यांच्या मनात असं, की बागायतवाल्यांची मुलगी लाडावलेली, तिला शिस्त कुठली. ते हो म्हणाले तरच लग्न, असं मनीषनेही मेघालीला सांगून टाकलं होतं. पोरगी आठ दिवस जेवली नव्हती. (म्हणजे घरी जेवली नव्हती. ऑफिसच्या कँटीनचं मला माहीत नाही.) रविवारी ते मुलगी बघायला येणार होते, म्हणून मी पाहुण्यांसाठी उकडहंडी लावायची ठरवली. वालपापडी, कोनफळ, रताळी, शेवगा, हिरवा मसाला, तोंडाला केळीची पानं कोंबली, मडकं उलटं केलं आणि साडेबाराला भोवती पेंढा पेटवला. सव्वा तास. आपल्या आजीचा नियम तुला माहीत आहे. (माहीत आहे, हे मुद्दाम लिहिते आहे.)

एक वाजता वास सुटला आणि सगळ्यांचा धीर सुटला. त्यातच कळलं, की खंडेरावांना दुसरी पाळी आहे, दीडला निघायला हवं. आमचे हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, की एक दिवस नियम मोडला तर आजी वरून खाली येणार नाही. मनीषची आई अर्चनाताई गोड आवाजात म्हणाल्या, की थोडं कच्चं चालतं आम्हाला. कामाला येणारी जयवंतीसुद्धा फिरली. “बाय, हंडीला काय मुहूर्त हाय? पोरीचा बघ ना जरा,” म्हणाली. मेघाली नुसती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते आणि तेच मला जड गेलं. पण मी सांगितलं, “हंडी पावणेदोनला उघडेल.”

खंडेराव उठले. चपला घातल्या. ते फाटकाकडे न जाता हंडीपाशी गेले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, मधेच उघडली तर काय होतं? मी म्हटलं, वाफ जाते, कोनफळ आतून कच्चं राहतं, मग कितीही जाळलं तरी शिजत नाही. ते पालथ्या बादलीवर बसले.

“वैनी, बत्तीस वर्सं बॉयलरवर काढली मी. किती सायेब आले, लवकर उघड म्हणून बोंबलले. येकदाबी उघडला न्हाई. म्हनून ही धाची धा बोटं जाग्यावर हायेत.”

मग त्यांनी फोन करून पाळी बदलून घेतली, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि पहाऱ्याला बसले. एक चाळीसला आमचे हे पुढे सरकले, तर त्यांनाच दटावलं. पावणेदोनच्या ठोक्याला त्यांनी स्वतः ओल्या गोणपाटाने मडकं उचललं. सुलू, कोनफळ लोण्यासारखं. तीनदा वाढून घेतलं, जीभ भाजली, आणि हात धुता धुता म्हणाले, पोरगी आईवर गेली असंल तर आमच्या घराला शिस्तीची कडी मिळाली. लग्न माघात आहे. मेघाली घरी जेवू लागली आहे. आमचे हे परवापासून मला ठाम म्हणतात.

तुझी,
(ठाम) आतेबहीण

ता. क. खरं तुलाच सांगते. मेघालीचे डोळे बघून, खंडेराव उठायच्या आधी, मी सव्वाला मागच्या दाराने हंडी उघडायला गेले होते. जाळ मोठा होता आणि तो लांब दांड्याचा लोखंडी चिमटा सापडेना. मग आठवलं, की गेल्या वर्षी तू अकरा मिनिटं आधी हंडी उघडलीस, मी कच्चं कोनफळ मुद्दाम तुझ्याच पानात वाढलं, आणि तू चिमटा उचलून रागाने वाणगावला गेलीस. म्हणजे हे लग्न तूच जमवलंस. आणि ते पानात वाढणं, सुलू, ते ठाम नव्हतं.

आणखी एक ता. क. काल पुन्हा हंडी लावली. डबा जयवंतीच्या मुलाच्या, धर्मेशच्या हाती पाठवते आहे. वरच्या कप्प्यातला शेवगा भाऊजींना. खालचं कोनफळ सगळं तुला, कुणाला देऊ नकोस. सोबतची डिक्शनरीही तुझीच, माझं वाक्य झालं आहे. चिमटा मात्र मेघालीला, आपल्या दोघींच्या नावाने. तो धर्मेशजवळ देऊ नकोस. आहेर स्वतःच्या हाताने द्यायचा असतो.