बायचं पान

वरची वाडी, पोलादपूर
दि. १२ ऑगस्ट २०२५

चि. सेजलला उज्वला आत्याचे अनेक आशीर्वाद.

इथे फोनला रेंज नाही आणि मला कान नाहीत, म्हणून पत्र. वाडीचा इतिहास लिहिते म्हणून तुझ्या आजोबांच्या सात वह्या ट्रंकेसकट महाडला नेल्यास, त्याला तीन वर्षं झाली. एक तरी उघडलीस का गो? आरंभशूर मेली!

माझा जीव एकाच गोष्टीत अडकलाय. माझी थोरली बहीण पाच वर्षांची असताना तापाने गेली. कुणी तिचं नाव घेऊ लागलं की आई भिंतीवर डोकं आपटायची, म्हणून बाबांनी ते घरात घ्यायचंच बंद केलं. मी तेव्हा दोन वर्षांची, मला ते कधी कळलंच नाही. सर्वपित्रीला आपल्या वाडीत गेलेल्याला नावाने हाक मारून पान ठेवतात. तिचं पान मी नुसतं बाय म्हणून ठेवते. कावळा शिवत नाही. आणि रोज दिवेलागणीला ती पायरीवर येऊन बसते. दिसत नाही, पण कोंबड्या तेवढी जागा सोडून जातात आणि पायरी तिथे ओली असते.

बाबा सगळं लिहून ठेवायचे, नाव वहीत असणारच. सापडलं तर तोंडाने उच्चारू नकोस, लिहून कळव. गेल्यावर पहिली हाक ज्या दारात पडते, गेलेलं माणूस त्या दाराचं होतं. मी चौऱ्याहत्तरची झाले. माझ्यामागे तिला कोण विचारणार?

पत्राची वाट बघते.
तुझी आत्या


महाड
दि. २५ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास सेजलचा शिरसाष्टांग नमस्कार.

शिव्या पोचल्या. आधी वह्यांना खाकी कव्हरं घातली, मग टेबल घेतलं, मग टेबलावर ठेवायला दिवा. वाचन तेवढं राहिलं! खरं सांगू? भीती वाटायची. वह्या वाचल्या की पुस्तक लिहावं लागणार, आणि ते मला जमलं नाही तर?

शेवटी माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या, नाते गावच्या नशराने मला फैलावर घेतलं. शाळेतून आल्याबरोबर रोज दहा पानं मोठ्याने वाचायची, फोनवर रेकॉर्ड करायची आणि तिला पाठवायची. लाजेकाजेने तरी वाचशील, असं तिचं म्हणणं. पहिली वही चार दिवसांत संपली. त्यात बियाणं, पाऊस आणि म्हशींची नावं आहेत. बायकांची नाहीत.

तब्येतीला जप.
तुझी सेजल


महाड
दि. १२ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास सा. न.

आत्या, चूक झाली. पाचव्या वहीत पेरणीच्या नोंदीखाली एकच ओळ होती. मोठ्याने वाचायच्या ओघात ती तोंडातून निघून गेली. थोरली आवडी आज गेली, एवढंच लिहिलंय.

नशराने ते ऐकून विचारलं, की घरात कुणाची मुलगी आलीय का, कारण आवडी म्हटल्यावर कुणीतरी ओ दिली आहे. मी तीनदा ऐकलं. दिली आहे, अगदी माझ्या पाठीमागून.

आता वाचायला बसले की खुर्चीशेजारची फरशी ओली होते. दहा पानं संपवून थांबले, तर पंखा बंद असतानाही अकरावं पान उलटतं. मला फार भीती वाटते. काय करू ते लगेच कळव.

सेजल


वरची वाडी
दि. २२ सप्टेंबर २०२५

चि. सेजलला आशीर्वाद.

काल सर्वपित्री झाली. पायरीवर उभी राहून जन्मात पहिल्यांदा आवडी म्हणून हाक मारली. ओ मला ऐकू येणार नाही, म्हणून पानाकडे बघत राहिले. कावळ्याने आईबाबांची पानं घेतली, तिचं तसंच राहिलं. पायरी कोरडी ठणठणीत होती, आणि कोंबड्या तिच्या जागेवरून खुशाल चालत गेल्या.

तुझ्यावर आधी खूप चिडले. मग आठवलं, आई एकदा बोलली होती, की बाबा वही लिहायला बसले की आवडी त्यांच्या मांडीवरून उठायची नाही. तिला घाबरू नकोस, पोर आहे ती. दोन वह्या उरल्यात, त्या वाचून दाखव आणि आता मध्ये थांबू नकोस. पुढच्या वर्षी तिचं पान तुझ्या दारात ठेव.

बहात्तर वर्षं तिची सोबत होती, हे मला काल कळलं.

एवढं एक कर. मी गेले की इथे कुणाला माझं नाव घेऊ देऊ नकोस. पहिली हाक तुझ्या दारात मार, मोठ्याने. तिच्या शेजारी जागा ठेव.

आवडीची धाकटी बहीण,
उज्वला