करंजपाड्याला ‘दि’ देण्याबाबत

लिहून ठेवणार दाजी विठोबा पोतनीस, राहणार जव्हार, धंदा घरच्या ओसरीवर इंग्रजी शिकवणे. हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पत्नी गौराबाईचे मत निराळे आहे, पण मृत्युपत्र माझे आहे.

कलम १. घर, भांडी आणि म्हैस गौराबाईस. म्हैस तशीही तिचेच ऐकते.

कलम २. ओसरी, फळा व बाक माझा शिष्य सखा यास. तेथे त्याने शाळा चालवावी. चालवील कशी, कपाळ! मुले सगळी करंजपाड्याची, आणि ती पावसाळ्यापासून घरी बसली आहेत. मी शिकवले की इंग्रजीत नदीच्या नावाआधी ‘दि’ लावतात, गावाच्या नावाआधी लावत नाहीत. दुसऱ्याच दिवशी पाड्याचा कारभारी पुंजा ओसरीवर हजर.

“मास्तर, ‘दि’ म्हंजी मान ना? आपल्या ‘श्रीमंत’सारखा?”

“मान नव्हे रे बाबा! बोलणाऱ्याला नि ऐकणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असेल त्या वस्तूला लावायचा. विहिरी पुष्कळ, आपण पाणी भरतो ती ‘दि’ विहीर.”

“मंग आमचा पाडा तुमाला ठावा नाय? नागलीची भाकर खाल्ली तवा ठावा होता! त्या लेंडी नदीला मान, नि आमाला नाय?”

गावाला स्वतःचे नाव पुरते, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी! “मान नाय तवर पोरां नाय,” म्हणून तो चालता झाला.

कलम ३. माझी छत्री पुंजास मुळीच देऊ नये. भिजू दे मेल्याला.

कलम ४. इथवर वाचून गौराबाई म्हणाली, “नियम शाबूत नि ओसरी ओस. काय मिळवलंत?” मी रागावलो. मग जेवलो. मग रडू आले. रिकामे बाक बघवत नाहीत.

सबब, माझ्या पश्चात पाड्याच्या वेशीवर ‘दि करंजपाडा’ अशी इंग्रजी पाटी लावावी. चूक आहे, मला ठाऊक आहे. कोणी साहेब हसलाच तर मास्तर वारले म्हणून सांगावे.

साक्षीसाठी पुंजास बोलावून हे कलम वाचून दाखवले. त्याने आधी अंगठा उमटवला, मग म्हणाला,

“पाटी आजच लावा. पोरां उद्या येतात. पन सखा नको, तुमीच शिकवा.”

सबब मरण तूर्त तहकूब.

साक्षीदार: पुंजा, कारभारी, करंजपाडा (अंगठा), लाडक्या, शेजारी (अंगठा)
सही: दाजी विठोबा पोतनीस
मुक्काम जव्हार, माघ वद्य पंचमी, शके १८४५