जहाजावरचा दिवस दुपारी सुरू होतो

प्रिय बाबा,

काल लायब्ररीतल्या कॅरलबाईंची ईमेल आली, तुमच्या नावाने. आपल्या लेफ्टनंटसाहेबांच्या जहाजाचं शेवटचं लॉगबुक आता स्कॅन झालंय, ते तुम्ही उतरवून द्याल का, असं विचारलंय. तुम्हाला जाऊन सात महिने झाले, हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवणार कोण? मीच ना! म्हणून आज आधी तुम्हालाच लिहितोय.

आठवतं, अमेरिकेत माझ्याकडे मॉरिसव्हिलला आलात तेव्हा पहिले आठ दिवस नुसते खिडकीशी बसून होतात? ड्राइव्ह करता येत नाही, बोलायला कुणी नाही. मग लायब्ररीचं ते काम सापडलं: दोनशे वर्षांपूर्वीच्या शिडाच्या लढाऊ जहाजांवरच्या रोजच्या नोंदी वाचून कॉम्प्युटरवर टाइप करायच्या. त्या वळणदार इंग्रजी अक्षरातली एक ओळ इराला लागत नव्हती. तिचे आजोबा मात्र पेपर वाचावा तसे वाचायचे. नागपूरचे भूगोलाचे मास्तर! समुद्र तुम्ही छडीने नकाशावर दाखवला तेवढाच.

त्यातच हे साहेब भेटले. चौदाव्या वर्षी नौदलात आलेले, वादळात दोन बोटं गमावलेले आणि बारा वर्षं लेफ्टनंटच राहिलेले. मागून आलेले कॅप्टन झाले, हे तिथेच. जेवताना तुम्ही त्यांचाच विषय काढायचात आणि मी फोनकडे बघत हं हं करायचो. तुम्हीही हेडमास्तर न होताच रिटायर झालात, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

आणि वर माझा तो शहाणपणा! तुमची एक्सेल शीट पाहिली, तर प्रत्येक तारखेत दुपारच्या नोंदी आधी, सकाळच्या नंतर. मला वाटलं, वयामुळे गोंधळ होतोय. न विचारता सगळं सॉर्ट करून सेव्ह केलं.

"बाबा, तुमचा डेटा क्लीन केलाय. वेळा उलट्या पडल्या होत्या."

तुम्ही चष्मा लावून शीट वरपासून खालपर्यंत वाचलीत. मग "बरं" म्हणालात.

काल ईमेल वाचून तुमची वही काढली. सगळ्या नोंदी तुम्ही हाताने पुन्हा लिहून काढल्यात! पहिल्या पानावर लिहिलंय: जहाजावर दिवस आदल्या दुपारी बाराला सुरू होतो, आधी दुपार, मग रात्र, मग सकाळ. म्हणजे तुमचंच बरोबर होतं. माझ्या शीटमध्ये डोलकाठी सकाळी मोडते आणि वादळ सुटतं दुपारी! खाली बारीक अक्षरात एक ओळ: "सुयशला सांगू नये. दमून येतो, वाईट वाटेल."

का नाही सांगितलंत, बाबा? वर्गात पोराने हिमालय दक्षिणेला दाखवला तर कान धरायचात. माझा धरायला काय झालं होतं?

बरं, आता बातमी. ते शेवटचं लॉगबुक उघडलं. पहिल्याच पानावर कॅप्टन म्हणून त्यांचं नाव आहे. जहाज लहानसंच आहे, पण त्यांचं आहे. झाले हो तुमचे साहेब कॅप्टन! तुम्हाला हे कळायला हवं होतं.

कॅरलबाईंना दोन्ही गोष्टी कळवल्यात: तुम्ही गेलात, आणि पानं मी उतरवीन. रोज एक, आहेत त्याच क्रमाने. इरा शेजारी बसून ते अक्षर शिकणार आहे. पहिलं पान आज शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर; साहेबांकडे तेव्हा रविवार लागलेला असेल. आणि कुठे काही चुकलंय असं वाटलं, तर आधी तुमची वही बघीन.

तुमचा,
सुयश