दगडावर कोरलेली मावशी

मावशी,

तुझं नाव दगडावर आलं. गेल्या आठवड्यात आम्ही तो परत बसवला, मार्गासनीच्या आपल्या खालच्या शेतात, बांधाच्या कडेला, अण्णांच्या समाधीवर. झालं असं की पाइपलाइन फुटून तिथं पाणी मुरत राहिलं आणि समाधीचा ओटा एका बाजूनं खचला. धाकट्याचा मला भोरला फोन आला. म्हणाला, "आक्का, ओटा नवा बांधावाच लागणार. मग दगड पन नवाच घेऊ की. ग्रॅनाइटचा, मशीनवर कोरलेला. अण्णा, आई, मावशी, तिघांची नावं एकदम." मी म्हणाले, ओटा नवा बांध, पण दगड तोच राहू दे. तो मावशीनं आणलेला दगड आहे. तिचं नाव त्याच्यावरच येईल. तो म्हणाला, "बरं." त्यानं माझ्याशी कधी वाद घातलेला नाही, ही तुझीच शिकवण.

तू तो दगड आणलास तो दिवस मला अजून दिसतो. अण्णांचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. तू कुणाला काही न सांगता टेम्पोत बसून शिवऱ्याला गेलीस, हायवेच्या कडेला दगड कोरणाऱ्यांची शेडं आहेत तिथं, आणि संध्याकाळी दगड घेऊन आलीस. गोणपाट बाजूला सारलं तर वर अण्णांचं नाव आणि खाली माझ्या आईचं. आई जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. तिच्या नावाचा दगड कुणी केला नव्हता, कुणाच्या मनातही आलं नव्हतं. चुलते तेवढे म्हणाले, "आन् तुझ्यासाठी जागा?" तू टेम्पोवाल्याला दगड कुठं उतरवायचा ते दाखवत होतीस. मान न वळवता म्हणालीस, "तिचं आदी ऱ्हायलं हुतं. माझं काय, म्या हितंच हाय." मी त्या वेळी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या रात्री मला तुझा फार अभिमान वाटला.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा मी सात वर्षांची असेन, धाकटा अजून रांगत होता. अण्णांचं आणि तुझं लग्न कसं झालं ते मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. आजीनं मला पुढं ढकललं आणि म्हणाली, आई म्हण. मी खांबाला धरून उभी. तू चुलीपुढून उठलीस, माझ्यासमोर बसलीस, आणि आजीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "आई न्हाई म्हणायचं. तुजी आई हुती ती. मला मावशी म्हण." मला आठवतं, मी लगेच म्हणाले. मग धाकटा बोलायला लागला तो तेच शिकला. मग आळी तेच म्हणायला लागली. आणि वेल्ह्याला तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडात तू खानावळ काढलीस तेव्हा डोंगरातून येणारी माणसं, कारकून, एसटीचे ड्रायव्हर, सगळ्यांची तू मावशीच झालीस. कचेरीत कामाला आलेली माणसं सकाळच्या गाडीनं यायची आणि साहेब भेटेपर्यंत उपाशी बसून राहायची. ते बघून तू खानावळ काढली होतीस, हे तूच मला नंतर सांगितलंस.

शाळा सुटली की मी तिथं वाढायला असायची. एकदा वरच्या धनगरवाड्यातले एक म्हातारबाबा जेवायला बसले होते. मी त्यांच्या ताटात भाकरीचे राहिलेले तुकडे वाढले, कारण अख्ख्या भाकऱ्या मला कचेरीतल्या माणसांसाठी ठेवायच्या होत्या. तू माझ्या हातातली दुरडी घेतलीस, ते तुकडे त्यांच्या ताटातून उचलून आपल्या ताटात ठेवलेस, तव्यावरची गरम भाकरी त्यांना वाढलीस. ते गेल्यावर मला मागं नेलंस. "ज्यो लांबनं आला त्याला आदी. कागद कुणाच्या हातात हाय ते बगून वाढायचं न्हाई." पुढं तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यात नोकरी केली. केसपेपर घेऊन रांगेत उभी असलेली माणसं रोज बघितली. तुझं ते वाक्य मला रोज उपयोगी पडलं. मी नर्सिंगला निघाले तेव्हा तू दवाखान्यातल्या सिस्टरला विचारून आली होतीस की पोरीला काय काय लागतं. मग भोरच्या बाजारातून मला सेकंदकाट्याचं घड्याळ आणलंस. मनगटावर बांधताना म्हणालीस, "नाडी मोजायला लागतं म्हनं." तुला स्वतःला घड्याळ वाचता येत नव्हतं.

तू गेलीस तेव्हा तुझी राख आम्ही त्याच समाधीत ठेवली. नाव मात्र राहिलं. आज करू, उद्या करू म्हणत बारा-तेरा वर्षं गेली. आणि खरं सांगायचं तर चुलत्यांची नाराजीही होती. या वेळीही धाकट्यानं विषय काढला तसे ते खाटेवर उठून बसले. "एका दगडावर दोन बाया कुठं असत्यात? पयलीचं नाव हाय, बास झालं. आन् तिच्या माहेरच्यास्नी इचारलंय का? त्यांची लेक हाय ती. तिच्या दगडावर दुसरीचं नाव घालनार तुमी."

हे बोलणं मला लागलं, पण एक गोष्ट त्यात बरोबर होती. आईचा भाऊ, आमचे मामा, अजून आहेत. त्यांना विचारायला हवं होतं. मी दुसऱ्याच दिवशी गेले. भोरच्या पुढं घाटाच्या अंगाला त्यांचं गाव, तुला काय सांगायचं, तू दर दिवाळीला आम्हाला घेऊन जायचीस. मला कायम वाटायचं, तिकडच्या आजीला नातवंडं दिसावीत म्हणून जातेस.

मामा आता थकलेत. ऐकू कमी येतं. मी त्यांच्या जवळ बसून सगळं सांगितलं. दगड, ओटा, चुलते काय म्हणाले ते. त्यांनी बसल्या ओट्यावरून हात फिरवला. मला वाटलं, नको म्हणणार. मग म्हणाले, "ती पयल्यांदा हितं आली तवा म्या ह्याच ओट्याव बसलो हुतो. भाऊबीज हुती. आत तुमची आजी रडत हुती. म्या तिला पानीसुदिक इचारलं न्हाई. माझी बहीण जाऊन वरीस झालं न्हवतं आन् तिच्या जागंवर आलेली बाई दारात हुबी. तुझा हात धरून आली हुती, धाकटा खांद्यावर. म्हणली, पोरं मला मावशी म्हणत्यात. मावशीचं तुमी कोन लागता?"

मामा हातानं गुडघा चोळत राहिले.

"आईची बहीण ती मावशी. म्हंजी ती माझी बहीण झाली. उठलो आन् पाटाव बसलो. तिनं ओवाळलं. तवापासनं मरोस्तवर एक भाऊबीज चुकीवली न्हाई तिनं."

मी म्हणाले, मामा, मग दगडावर नाव घातलं तर चालेल ना?

"नुसतं नाव घालू नका," मामा म्हणाले. "नुसत्या नावानं ती माझी कुनी न्हाई. मावशी म्हणून घाला. मंग माझ्या दोनी बहिनी एका दगडाव हायेत, कोन काय म्हणतंय ते बगू. आन् बसवशिला त्या दिवशी मला न्यायला गाडी धाड."

एवढी वर्षं मी तुला मावशी म्हणत आले आणि मला वाटत होतं की ते तू माझ्यासाठी केलंस, एका लहान पोरीचा जीव राखायला. ते तर होतंच. पण त्या एका शब्दावर तू माझ्या आईच्या माहेराचं दार उघडून ठेवलं होतंस. आजोळ तुटलं असतं आमचं, मावशी. एवढा विचार तुला कुणी शिकवला होता, मला माहीत नाही.

दगड आम्ही टेम्पोत घालून शिवऱ्याला नेला. तू गेली होतीस त्या शेडात आता तरुण कारागीर बसतो, सगळं काम मशीनवर. त्यानं दगड पाण्यानं धुऊन घेतला, बोटानं वाजवून बघितला. म्हणाला, "ताई, ह्यो मशीनवर बसत न्हाई, मागनं ओबडधोबड हाय. हातानं कोरावा लागंल. पन जुना दगड हाय, आत कुटं चीर आसली तर टवका उडंल, आन् वरच्या नावांचं पन काय सांगता येत न्हाई. ते तुमच्या जबाबदारीव." धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. आईच्या नावाला काही झालं असतं तर मामांना काय तोंड दाखवलं असतं, हे दोघांच्याही मनात आलं. तरी मी म्हणाले, कोरा.

त्यानं मजकूर विचारला. मी तुझं नाव सांगितलं. तो लिहिता लिहिता म्हणाला, "पुढं गं. भा. घालायचं ना?" ती दोन अक्षरं. अण्णा गेल्यापासून लग्नपत्रिकांवर तुझ्या नावापुढं लागत आली होती, जणू नवरा गेला हीच बाईची ओळख. तू कधी तक्रार केली नाहीस, पण वाचता येत नसलं तरी ती दोन अक्षरं तुला ओळखता यायची, आणि पत्रिका आली की तेवढा भाग अंगठ्याखाली झाकून माझ्यापुढं वाचायला धरायचीस. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी म्हणाले, गं. भा. नको. नावाखाली मावशी लिहा.

"मावशी? समाधीवर?" त्यानं पेन्सिल थांबवली. "मातोश्री घालत्यात. मावशी कुनी घालत न्हाई ताई."

"आमी घालतोय," धाकटा म्हणाला. एरवी न बोलणारा तो. मला फार बरं वाटलं.

आम्ही दिवसभर तिथंच बसून राहिलो. हायवेवरून ट्रक जात होते आणि छिन्नीचा आवाज चालला होता. प्रत्येक घावाला मी आईच्या नावाकडं बघत होते. दुपारी 'व'च्या गोलाईपाशी बारीकसा टवका उडाला. कारागिरानं हात थांबवला, फुंकर मारली, वाकून बघितलं आणि म्हणाला, "वरच्यावरच हाय," आणि पुढं चालू केलं. तो टवका अजून दिसतो, पण जवळ जाऊन बघितलं तरच.

बसवायच्या दिवशी मामा आले. काठी टेकत बांधावरून चालत आले, कुणाचा हात घेतला नाही. चुलते येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो, पण तेही आले. लांब उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. मामांनी नारळ फोडला तेव्हा वळले. पुढं येऊन दगड बघितला आणि गवंड्याला म्हणाले, "अक्षरात रंग नीट भरा. पावसात जाईल." एवढंच बोलले. मग प्रसादाचं खोबरं घेऊन मामांच्या शेजारी बसले.

आणि एक बाई आली, आम्ही न बोलावलेली. वरच्या वाडीतली, तुझ्याच वयाची असेल, पाठीत वाकलेली. बाजारात तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं आल्याबरोबर विचारलं, "मावशीचा दगुड ह्योच न्हवं?" मी म्हणाले, हो. तिला तुझं नाव माहीत नव्हतं. मी तुझं नाव सांगितलं तरी तिनं नुसती मान हलवली, ओळखीचं वाटलं नाही तिला. मग म्हणाली, "मावशी कुटं लिवलंय ते दाव." मी तिचा हात धरून ती तीन अक्षरं दाखवली. तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि धाकट्याला म्हणाली, "लई जेवले म्या हिच्या हातचं." कारागीर दगडाबरोबर आला होता, तो तिथंच होता. त्यानंही ऐकलं.

मामा जाताना मला म्हणाले, "दोघी जवळजवळ हायेत. बरं केलंस."

हे पत्र लिहून झालं की मी ते कपाटात ठेवणार. तुला कधी वाचता आलं नाही आणि तुला वाचून दाखवायची सवय मला होती, म्हणून लिहिलं. आता घरात कुणी नाही तर मोठ्यानं वाचते. एक गोष्ट मात्र मी धाकट्यालाही सांगितलेली नाही. तुझी अक्षरं अण्णांच्या अक्षरांपेक्षा थोडी मोठी आलीत. चुलत्यांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांना मी सांगितलं, हातानं कोरलं की होतं असं, कारागिराचा अंदाज चुकला. त्याचा काही अंदाज चुकला नाही. धाकटा चहा सांगायला गेला होता तेव्हा मीच त्याला हळूच म्हणाले होते, जरा मोठी काढा.